लवचिक मेटासरफेस पहिल्यांदा बनवताना: आधी पाया, मग धातू, शेवटी नक्षी

मेटासरफेस म्हणजे पातळ पायावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटवलेली नक्षी, बहुतेक वेळा धातूची. नक्षीतला प्रत्येक घटक तरंगलांबीपेक्षा बराच लहान असतो. त्यामुळे समोरून येणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरीला सुटे घटक जाणवत नाहीत, सगळा तक्ता मिळून एकच पदार्थ असल्यासारखा वाटतो. या पदार्थाचे गुण रसायनातून येत नाहीत, आकारातून येतात. एखादी वारंवारता अडवायची, शोषायची की वळवायची, हे नक्षीतल्या घटकाची, म्हणजे कडीची, लांबी आणि दोन कड्यांमधलं अंतर ठरवतं.

हा तक्ता कडक सर्किट बोर्डावर बनवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. तोच तक्ता खांबाभोवती गुंडाळायचा, कपड्यात शिवायचा किंवा ड्रोनच्या पंखावर चिकटवायचा असेल तेव्हा मात्र पदार्थ कोणता आणि बनवायची रीत कोणती, हे प्रश्न अवघड होतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, पीएचडीला नुकतेच लागलेले आणि हौसेने अँटेना बनवणारे अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. यातला मुख्य नमुना एक ए४ आकाराचा तक्ता आहे, ५.८ गिगाहर्ट्झला अडवणारा. तो रेडियम कटिंगच्या प्लॉटरवर बनतो आणि सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

लवचिक वस्तूने लहरीला वळण द्यायची कल्पना जुनी आहे. १८९८ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात तागाच्या धाग्यांना पीळ देऊन जुड्या केल्या आणि त्यातून जाताना विद्युतलहरींच्या ध्रुवणाची दिशा, म्हणजे त्यांच्या विद्युतक्षेत्राच्या हेलकाव्याची दिशा, फिरते हे दाखवलं. साखरेचं द्रावण प्रकाशाचं जे करतं, तेच पीळ दिलेल्या तागाने मोठ्या लहरींचं केलं. पदार्थाचा गुण रचनेतून घडवता येतो, हे ‘मेटामटेरियल’ हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे तागावर दिसलं होतं. या विषयात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: किती आणि कसं वाकणार, ते लिहून काढा

नवीन माणूस हमखास नक्षीपासून सुरुवात करतो. कुठल्यातरी शोधनिबंधातला देखणा आकार उचलतो, सिम्युलेशन करतो आणि मग तो कशावर बनवायचा हे शोधत बसतो. क्रम उलटा हवा. आधी वापर लिहा. तक्ता एकदाच वाकवून चिकटवायचा आहे, रोज शेकडो वेळा वाकणार आहे, की रबरासारखा ताणला जाणार आहे? या तिन्ही गरजांसाठी वेगवेगळे पदार्थ लागतात. एकदाच वाकणाऱ्या तक्त्याला साधी तांब्याची पट्टी पुरते. रोज वाकणाऱ्याला पातळ पॉलिइमाइड, म्हणजे उष्णता सोसणारी प्लास्टिक फिल्म, लागतं. ताणल्या जाणाऱ्या तक्त्यावर घट्ट धातूची सरळ रेघ टिकतच नाही.

वाकण्याचा हिशेब एका ओळीत होतो. तक्त्याची एकूण जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट, म्हणजे बाहेरच्या पृष्ठावरचा ताण. फिल्म १०० मायक्रॉन, गोंद ३० आणि तांबं ३५ मायक्रॉन धरलं तर एकूण जाडी १६५ मायक्रॉन होते. २५ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीवर गुंडाळल्यावर ताण येतो ०.३३ टक्के, ५ मिलिमीटरच्या सळईवर १.६५ टक्के. पहिला ताण तांब्याचं फॉइल बऱ्यापैकी सोसतं. दुसरा एकदा सोसेल, पण पुन्हा पुन्हा दिला तर कडीच्या कोपऱ्यात चीर जाणार.

याच सूत्रातून दोन उपाय निघतात. एक म्हणजे सगळंच पातळ करणं. दुसरा उपाय नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. धातूच्या वरच्या बाजूलाही खालच्याइतक्याच जाडीची फिल्म चिकटवा. मग धातू जाडीच्या मधोमध येतो, जिथे वाकताना ना ताण असतो ना दाब. फक्त या एका थराने तक्त्याचं आयुष्य कैक पटींनी वाढतं.

दुसरी पायरी: पाया निवडा

पाया, म्हणजे सब्सट्रेट, तीन गोष्टी ठरवतो: किती तापवता येईल, लहर किती खाल्ली जाईल आणि धातू चिकटेल की नाही.

पॉलिएस्टर फिल्म, म्हणजे पीईटी, सगळ्यात सोपी. जुन्या ओएचपी शीट याच्याच, साधारण १०० मायक्रॉन जाडीच्या. डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ लहरीला किती मंद करतो याचं माप) ३ च्या आसपास. पहिल्या तक्त्यासाठी हीच घ्या. मात्र ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ती मऊ पडू लागते आणि तापवून थंड केल्यावर आकसते. तिच्यावर शाई छापून भट्टीत सुकवायची असेल तर कोरी फिल्म आधी त्याच तापमानाला ठेवून आकसू द्यायची, मगच छापायची. चांगले छपाईवाले हे न सांगता करतात.

पॉलिइमाइड ही पिवळसर नारिंगी फिल्म, कॅप्टॉन या नावाने प्रसिद्ध. ती वितळत नाही, सोल्डरिंगचा २६० अंशांचा झटका सहज सोसते आणि २५ मायक्रॉन आणि त्याहूनही पातळ मिळते. मोबाइलच्या आतल्या लवचिक पट्ट्या याच्याच असतात. डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण ३.४. हिची खोड एकच: ही हवेतली आर्द्रता पिते, अगदी दमट हवेत वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या घरात असल्याने एवढंसं पाणीही अनुनादाची वारंवारता, म्हणजे कडी जिला प्रतिसाद देते ती वारंवारता, खाली सरकवतं. मुंबईत किंवा गोव्यात जुलैमध्ये मोजमाप करणाऱ्यांनी नमुना आधी शंभरेक अंशांना तासभर तापवून कोरडा करावा, नाहीतर मेमधले आणि जुलैमधले आकडे जुळणार नाहीत. आर्द्रता अजिबात चालणार नसेल तर लिक्विड क्रिस्टल पॉलिमरची फिल्म घ्यावी. तिचं पाणी पिणं नगण्य आणि लहर खाणंही फार कमी. महाग मात्र आहे.

ताणायचं असेल तर सिलिकोन. प्रयोगशाळेत पीडीएमएस या जातीचं सिलिकोन चालतं, बहुतेक ठिकाणी सिलगार्ड १८४ या नावाचं. याहून मऊ हवं असेल तर इकोफ्लेक्स. पीडीएमएसचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २.७ च्या आसपास, पण गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते लहर पॉलिइमाइडपेक्षा बरीच जास्त खातं. अडवणाऱ्या तक्त्यात ही उणीव ठरते. शोषणाऱ्या तक्त्यात तिचाच उपयोग होतो.

कापड हा चौथा पाया. सुती कापड घाम आणि दमटपणा धरून ठेवतं, म्हणून पॉलिएस्टर किंवा फेल्ट बरं. फेल्टमध्ये हवाच जास्त, त्यामुळे त्याचा स्थिरांक १.२ ते १.४ इतकाच भरतो.

तिसरी पायरी: धातू निवडा

उच्च वारंवारतेला विद्युतप्रवाह धातूच्या फक्त वरच्या कातडीतून वाहतो. तांब्यात १ गिगाहर्ट्झला ही कातडी २.१ मायक्रॉनची, ५.८ गिगाहर्ट्झला ०.८७ मायक्रॉनची. म्हणजे ३५ मायक्रॉनचं फॉइल गरजेपेक्षा कितीतरी जाड आहे. कातडीच्या तीन-चार पट जाडी मिळाली की धातू पुरेसा, त्यावरची जाडी फक्त तक्ता ताठ करते.

तांब्याच्या फॉइलचे दोन प्रकार असतात. विजेच्या साहाय्याने जमवलेलं आणि लाटून मऊ केलेलं. पुन्हा पुन्हा वाकणाऱ्या कामाला लाटलेलंच मागा, त्याचे कण वाकायला जास्त तयार असतात.

चांदीची छपाईशाई तांब्यापेक्षा बरीच कमी वाहक असते, पण ८-१० मायक्रॉनचा थर बसला तर ५.८ गिगाहर्ट्झला काम भागतं. शाई कशी बसली ते तपासायची साधी युक्ती अशी. तक्त्याच्या कडेला १ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब रेघ छापा. ही रेघ म्हणजे १ मिलिमीटरचे १०० चौरस एकापुढे एक. मल्टिमीटरने रोध मोजा, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा तारांचा स्वतःचा रोध वजा करा आणि उरलेल्याला १०० ने भागा. ३ ओहम आले तर चौरसाला ३० मिलिओहम. चांगल्या चांदीच्या शाईकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. ३५ मायक्रॉन तांब्याला हाच आकडा अर्धा मिलिओहम असतो. कार्बनची शाई चौरसाला दहा-पन्नास ओहमपर्यंत जाते, म्हणून ती शोषणाऱ्या तक्त्यांसाठीच वापरावी.

ताणल्या जाणाऱ्या तक्त्यासाठी द्रव धातू वापरतात. ७५ टक्के गॅलियम आणि २५ टक्के इंडियम यांचा मिश्रधातू १५.५ अंशांना वितळतो, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर द्रवच राहतो. वाहकता तांब्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाइतकी. हवा लागताच त्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तिच्यामुळे तो दिलेल्या आकारात टिकतो. पाऱ्यासारखी विषारी वाफ नाही. एकच कडक नियम: ॲल्युमिनियमच्या जवळ नेऊ नका. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणांमधून शिरतं आणि धातू ठिसूळ करतं. भांडं, चिमटा, टेबलाची पट्टी यापैकी काहीही ॲल्युमिनियमचं नको.

मोबाइलच्या पडद्यावरचं पारदर्शक आयटीओ (इंडियम-टिन ऑक्साइड) काहींना मोहात पाडतं. वाकवायच्या कामात त्याच्या वाटेला जाऊ नका. ते काचेच्या जातीचं आहे, एक-दोन टक्के ताणात तडकतं. पारदर्शक हवंच असेल तर चांदीच्या नॅनोतारांची शाई किंवा तांब्याची बारीक जाळी वापरा.

चौथी पायरी: कडीचं माप काढा

पहिल्या तक्त्यासाठी चौकोनी कडी घ्या. आडव्या आणि उभ्या दोन्ही ध्रुवणांना ती सारखीच वागते, लहर तिरकी आली तरी फारशी बिथरत नाही आणि तिचं गणित तोंडी होतं. कडीचा घेर तरंगलांबीइतका झाला की ती त्या वारंवारतेला अडवते.

५.८ गिगाहर्ट्झची हवेतली तरंगलांबी ५१.७ मिलिमीटर. तिला चाराने भागल्यावर बाजू येते १२.९ मिलिमीटर, रेघेच्या मध्यापासून मध्यापर्यंत. फिल्म आणि गोंद अनुनाद थोडा खाली ओढतात, म्हणून १२.५ पासून सुरुवात करा. रेघ १ मिलिमीटर रुंद ठेवली तर कडीची बाहेरची बाजू १३.५ आणि आतली ११.५ होते. एका कडीच्या मध्यापासून शेजारच्या कडीच्या मध्यापर्यंत १६ मिलिमीटर ठेवा. हे अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या आतच हवं, नाहीतर तिरक्या लहरींसाठी तक्ता भलत्याच दिशांना लहरी फेकू लागतो. ए४ कागदावर अशा १३ उभ्या रांगा आणि १८ आडव्या ओळी बसतात, एकूण २३४ कड्या.

आता हे सिम्युलेशनवर तपासा. ओपनईएमएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरतं. सगळा तक्ता रेखाटायची गरज नाही. एकच कडी घ्या, तिच्या दोन समोरासमोरच्या भिंती आदर्श विद्युतवाहक आणि उरलेल्या दोन आदर्श चुंबकीय वाहक ठेवा. सममित कडीवर लहर सरळ पडत असेल तर हा एक कप्पा अनंत तक्त्यासारखाच वागतो. त्यात गोंदाचा थरही दाखवायला विसरू नका. तो फिल्मइतकाच महत्त्वाचा आहे, कारण तो थेट तांब्याला लागून असतो.

मापातल्या चुकीची किंमतही इथेच समजून घ्या. १२.५ मिलिमीटरमध्ये ०.१ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.८ टक्के, म्हणजे साधारण ४६ मेगाहर्ट्झ. प्लॉटर एवढं सांभाळतो. १ टेराहर्ट्झला तरंगलांबीच ०.३ मिलिमीटर असते, तिथे कडी सत्तर-ऐंशी मायक्रॉनची होते आणि प्लॉटर निरुपयोगी ठरतो. कोणती रीत वापरायची हे सरळ या हिशेबातून ठरतं.

पाचवी पायरी: कापा, कोरा किंवा छापा

*प्लॉटर आणि तांब्याची टेप.* नंबरप्लेट आणि गाड्यांची स्टिकर्स कापणाऱ्या रेडियमच्या दुकानात हे यंत्र असतं. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तांब्याची चिकट टेप मिळते. शक्य असेल तर ए४ रुंदीचं सलग फॉइल घ्या. ते नाही मिळालं तर ५० मिलिमीटर रुंदीची टेप चालते, कारण १६ मिलिमीटरच्या तीन कड्यांना ४८ मिलिमीटर लागतात. पट्ट्या अशा लावा की एकही कडी जोडावर येणार नाही. दोन पट्ट्या एकमेकांवर चढवल्या की मधला गोंद विजेला अडवतो, आणि जोडावरची कडी वरून अखंड दिसत असली तरी तुटलेलीच असते.

टेप तिच्या मागच्या कागदासकट कापा. ती आधी फिल्मवर चिकटवून मग कापली तर पातं फिल्मवरही ओरखडा काढतं आणि पुढे वाकवताना फिल्म नेमकी त्या ओरखड्यावर फाटते. ६० अंशांचं पातं लावा, वेग कमीत कमी ठेवा आणि कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून दाब तपासा. तांबं आणि गोंद कापला गेला पाहिजे, कागद शाबूत राहिला पाहिजे. कड्यांच्या कोपऱ्यांना अर्धा मिलिमीटर गोलाई द्या. तीक्ष्ण कोपऱ्यावर वळताना पातं फॉइल उचलतं, आणि पुढे वाकवल्यावर चीरही तिथूनच सुरू होते.

मग नको असलेला भाग सोलायचा. आधी कड्यांच्या आतले चौकोन टोकदार चिमट्याने काढा, मग बाहेरची जाळी एका कोपऱ्यातून, कागदाला जवळजवळ समांतर ओढत. वर ओढलीत तर कड्याही सोबत येतील. उरलेल्या कड्यांवर ट्रान्सफर टेप दाबा, कड्या उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेल्या फिल्मवर ठेवा आणि प्लास्टिकच्या कार्डाने एका कडेकडून दुसरीकडे दाबत जा. तांब्याला पडलेली सुरकुती जात नाही, त्यामुळे ही पायरी घाईत करू नका.

*रासायनिक कोरणी.* रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक हवी असेल तर तांबं चढवलेली पॉलिइमाइड फिल्म घ्या. तिच्यावर ड्राय फिल्म फोटोरेझिस्ट (अतिनील प्रकाश पडला की पक्का होणारा थर) लॅमिनेटरने शंभरेक अंशांना चढवा, ट्रेसिंगवरची नक्षी ठेवून अतिनील दिवा दाखवा आणि एक टक्का धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. कोरायला फेरिक क्लोराइडचं कोमट द्रावण, साधारण ४० अंशांचं. सगळं काम पिवळ्या उजेडात करायचं. लवचिक फिल्म द्रावणात गुंडाळली जाते आणि एका बाजूला जास्त कोरली जाते, म्हणून ती प्लास्टिकच्या चौकटीवर ताणून बसवा. ट्रे प्लास्टिकचाच हवा, हातमोजे आणि चष्मा हवाच. वापरलेल्या द्रावणात विरघळलेलं तांबं असतं, ते जलचरांना मारतं. ते बेसिनमध्ये ओतू नका. बाटलीत भरून, नाव लिहून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

*स्क्रीन प्रिंटिंग.* एकाच नमुन्याचे वीस-पंचवीस तक्ते हवे असतील तर हीच रीत परवडते, आणि लग्नपत्रिका छापणारे कारागीर आपल्या गावोगावी आहेत. त्यांचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा स्थिर असतो. त्यांना बरोबर घ्या, मान द्या, प्रयोग काय आहे ते समजावून सांगा. सेंटीमीटरला ७७ ते १०० धाग्यांची पॉलिएस्टर जाळी सांगा आणि इमल्शन (जाळीवर नक्षी धरणारा थर) सॉल्व्हंटला टिकणारं हवं हे बजावा, कारण चांदीची शाई बहुधा सॉल्व्हंटचीच असते आणि साधं इमल्शन ती खाऊन टाकते. आधी साध्या काळ्या शाईने छापून मापं तपासा. चांदीच्या शाईचा डबा मापं जुळल्यावरच उघडा. ०.३ मिलिमीटरची रेघ आरामात येते. सुकवायचं तापमान शाईच्या डब्यावर दिलेलं असतं, बहुधा १२० ते १३० अंश. आधी आकसवलेली फिल्म इथेच कामाला येते.

*कापडावर.* तांबं-निकेल चढवलेलं वाहक पॉलिएस्टर कापड मिळतं. शिंप्याकडचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा फ्युझिंगचा थर त्याच्या मागे इस्त्रीने लावा, प्लॉटरवर कड्या कापा आणि कपड्यावर इस्त्री करा. वाहक धाग्याची एम्ब्रॉयडरी दिसते सुंदर, पण प्रवाह टाक्यांच्या दिशेने सोपा आणि आडवा अवघड वाहतो. म्हणून ती दुसऱ्या प्रयत्नासाठी ठेवा.

*सिलिकोन आणि द्रव धातू.* पीडीएमएसचे दोन भाग वजनाने १० ला १ या प्रमाणात घ्या. १० सेंटीमीटर चौरस आणि १ मिलिमीटर जाडीच्या तक्त्याला सुमारे १० ग्रॅम लागतात. पाच मिनिटं नीट ढवळा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे जाईपर्यंत ठेवा आणि पाणसळीने सपाट केलेल्या साच्यात ओता. ६५ ते ७० अंशांना तीन-चार तासांत घट्ट होतं. लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. त्यातलं गंधक सिलिकोनला घट्ट होऊ देत नाही आणि तक्ता कायम चिकट राहतो. नायट्राइलचे घाला. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवर थेट ओतलं तरी हीच गत होते. घट्ट झालेल्या तक्त्यावर कागदी स्टेन्सिल ठेवा, छोट्या रोलरने द्रव धातू पसरवा, स्टेन्सिल उचला आणि वरून सिलिकोनचा दुसरा थर द्या. प्रत्येक कडीसाठी नळी कोरून सिरिंजने धातू भरायची रीत पुस्तकी आकृतीत छान दिसते, पण शंभर कड्यांना दोनशे भोकं पाडावी लागतात.

हा तक्ता ताणलात की कडी लांबते आणि ताणाच्या दिशेतल्या ध्रुवणासाठी अनुनाद खाली सरकतो. ताणाच्या आडव्या दिशेने रबर आकसतं, त्यामुळे दोन ध्रुवणांचे अनुनाद वेगळे होतात. तक्ता स्वतःच ताण मोजणारं साधन बनतो. या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं दृश्य हेच.

*त्याहून बारीक काम.* टेराहर्ट्झसाठी सिलिकॉनच्या चकतीवर पॉलिइमाइडचं द्रावण फिरवून पसरवतात, तीनशे अंशांच्या वर ते पक्कं करतात, त्यावर क्रोमियम किंवा टायटॅनियमचा काही नॅनोमीटरचा थर आणि मग सोनं चढवतात आणि शेवटी सगळी फिल्म चकतीवरून सोलून घेतात. सोनं पॉलिमरला धरत नाही, तो मधला थर त्याला धरून ठेवतो. २००८ साली बोस्टन विद्यापीठातल्या गटाने अशा रीतीने केवळ १६ मायक्रॉन जाडीचा लवचिक टेराहर्ट्झ शोषक दाखवला. दृश्य प्रकाशासाठी २०१० मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात लवचिक पॉलिमरवर सोन्याची नॅनोजाळी बनली. हे काम स्वच्छ खोलीशिवाय, म्हणजे धूळ गाळलेल्या हवेच्या क्लीनरूमशिवाय, होत नाही. पण तशी खोली आपल्या कॉलेजात नाही म्हणून हात आखडू नका. केंद्र सरकारच्या आयएनयूपी या कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या नॅनो प्रयोगशाळा वापरता येतात. प्रस्ताव लिहा, मार्गदर्शकांना सोबत घ्या आणि अर्ज करा.

सहावी पायरी: मोजा

५.८ गिगाहर्ट्झ गाठणारा छोटा, हातात मावणारा व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, प्रत्येक वारंवारतेला किती लहर पार गेली ते मोजणारं यंत्र) आता मिळतो, म्हणूनच मी ही वारंवारता निवडली. समोरासमोर दोन हॉर्न अँटेना ठेवा. तोंड १० सेंटीमीटरचं असेल तर तक्ता प्रत्येकापासून किमान ४० सेंटीमीटर दूर हवा.

खरा त्रास तक्त्याच्या कडांचा. ए४ च्या बाजूने लहर वळसा घालून पलीकडे पोचते आणि तक्ता चांगला असूनही वाईट दिसतो. एक मीटर चौरस पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, मधोमध ए४ पेक्षा किंचित लहान खिडकी कापा आणि तक्ता त्या खिडकीत लावा. आधी रिकामी खिडकी मोजा, मग तक्ता लावून मोजा. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की उरतो तो तक्त्याचा खरा परिणाम. पहिल्याच तक्त्याच्या आलेखात १५ डेसिबलचा खड्डा दिसला तर खूश व्हा. त्याचा अर्थ फक्त ३ टक्के शक्ती पार गेली. शेवटी तक्ता ९० अंश फिरवून पुन्हा मोजा. चौकोनी कडीत दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखा यायला हवा. तसा आला नाही तर चिकटवताना एखादी रांग तिरकी गेली आहे किंवा काही कड्या तुटल्या आहेत.

सातवी पायरी: वाकवून मोजा

वाकवण्यासाठी पॅकिंगच्या थर्माकोलचे गोल ठोकळे गरम तारेने कापा. लहरीसाठी थर्माकोल जवळजवळ हवेसारखाच असतो. पीव्हीसी पाइपवर गुंडाळून मोजलंत तर पाइपचा परिणामही आकड्यात मिसळतो, म्हणून पाइप फक्त वाकवण्याच्या सरावासाठी वापरा. ११०, ७५ आणि ५० मिलिमीटरचे पाइप कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतात आणि त्रिज्या ठरवण्याची चिंता मिटते. तक्ता चेंडूसारख्या गोलावर बसवायचा प्रयत्न करू नका. सपाट पान नळीवर गुंडाळलं जातं, गोलावर मात्र ते सुरकुततंच. तिथे पट्ट्या पाडून किंवा मुद्दाम चिरा देऊनच बसवावं लागतं.

सुट्या कड्यांचा रोध मल्टिमीटरने मोजता येत नाही, मग चीर गेली हे कळणार कसं? यासाठी तक्त्याच्या कडेला त्याच रुंदीची, नागमोडी, दोन टोकं असलेली एक साक्षीदार पट्टी नेहमी ठेवा. दर पन्नास वाकांनंतर तिचा रोध लिहून ठेवा. रोध चढू लागला की कड्यांमध्येही चिरा सुरू झाल्या असं समजा आणि व्हीएनए लावा.

आठवी पायरी: माप सुधारा

खड्डा पहिल्या फटक्यात ५.८ वर क्वचितच येतो. समजा तो ५.६ वर आला. मग ५.६ भागिले ५.८ म्हणजे ०.९६५५ ने कडीची सगळी मापं गुणा. १२.५ ची बाजू १२.०७ होते आणि १६ चं अंतर १५.४५. फिल्मची जाडी तीच राहते, पण ती तरंगलांबीच्या मानाने इतकी कमी आहे की या दुरुस्तीत फारसा फरक पडत नाही. त्याच वेळी सिम्युलेशनमधला गोंदाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक असा बदला की तिथेही पहिल्या तक्त्याचा खड्डा ५.६ वरच यावा. यानंतर त्याच टेपवर, त्याच फिल्मवर तुम्ही जे काही बनवाल त्याचं सिम्युलेशन पहिल्यापेक्षा खूप जवळ जाईल. मात्र टेपची कंपनी बदलली की हा आकडा पुन्हा काढावा लागेल, म्हणून टेपच्या गुंडाळीवरचा बॅच क्रमांक मोजमापाच्या वहीत त्याच पानावर लिहून ठेवा.